घरी अडकलात? मग हे बघा!

मुलांनो, कांजिण्या आल्या की खपल्या पडेपर्यंत शाळा बंद. पाय प्लॅस्टरमध्ये गेला की खेळ बंद. आणि जुलैतला पाऊस तर कधी कधी असा कोसळतो, की शाळाच सुट्टी देते! पहिल्या दिवशी मजा वाटते. तिसऱ्या दिवशी मात्र हात आपोआप आईच्या फोनकडे जातो आणि संध्याकाळ कधी झाली ते कळतही नाही. रात्री कुणी विचारलं, “काय बघितलंस रे दिवसभर?” तर सांगताच येत नाही.

असं का होतं? एक भाग संपला, की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. तो तुम्ही निवडलेला नसतो, ॲपने पुढे केलेला असतो. तुम्ही जितका वेळ बघाल तितका त्यांचा फायदा. दिवस मात्र तुमचा जातो! म्हणून एक साधा नियम करू या. काय बघायचं ते फोन हातात घेण्याआधी ठरवायचं. दिवसाला एकच सिनेमा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि जमलं तर कुणाला तरी शेजारी बसवून.

पण बघायचं काय? ही घ्या यादी.

चिल्ड्रन ऑफ हेवन (१९९७)

इराणमधल्या तेहरान शहरातली ही गोष्ट. दिग्दर्शक माजिद मजिदी. छोट्या अलीकडून बहिणीचे, झाराचे बूट हरवतात. घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे वडिलांना सांगायची सोय नाही. मग दोघं भावंडं अलीचे एकच बूट वापरतात. ती शाळेतून धावत येते, तो बूट घालून शाळेकडे धावत सुटतो! पुढे एक धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या नंबराचं बक्षीस असतं बूट, म्हणून अलीला पहिलं नाही, तिसरं यायचं असतं. काय होतं, ते सांगणार नाही बरं का! घरात एकच फोन आणि त्यावरून रोज भांडणं होत असतील, तर हा सिनेमा भावंडांनी मिळून बघाच.

एलिझाबेथ एकादशी (२०१४)

ही गोष्ट आपल्या पंढरपूरची. ज्ञानेशची सायकल म्हणजे ‘एलिझाबेथ’. ती त्याच्या वडिलांनी बनवलेली, आणि वडील आता नाहीत. आईवर कर्ज आहे, सायकल विकायची वेळ आली आहे. तेवढ्यात कार्तिकीची यात्रा भरते आणि मुलं गुपचूप बांगड्यांचं दुकान मांडतात. परेश मोकाशी यांच्या या सिनेमाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हसता हसता डोळे पुसावे लागतील.

हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९)

हाही परेश मोकाशी यांचाच. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला, त्याची ही गंमतशीर हकिगत. फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली होती. सिनेमात काम करायला बायका तयार होईनात, तेव्हा तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष नट! आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. ३ मे १९१३ रोजी हा सिनेमा मुंबईच्या गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला.

सिनेमा बघून झाला, की जुन्या वहीच्या कोपऱ्यांत, एकेका पानावर, थोडं थोडं वाढणारं रोप काढा. मग पानं अंगठ्याने भराभर सोडा. रोप वाढताना दिसेल! सिनेमाची युक्तीही हीच.

माय नेबर टोटोरो (१९८८)

जपानच्या हायाओ मियाझाकी यांचा हा चित्रांचा सिनेमा. आई दवाखान्यात आहे. सात्सुकी आणि धाकटी मेई वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. तिथे त्यांना टोटोरो नावाचा भला मोठा, केसाळ वनदोस्त भेटतो. पावसात बसथांब्यावर उभं राहण्याचा प्रसंग बाहेर पाऊस असतानाच बघा. घरात कुणी आजारी असलं, की मुलांच्या पोटात जी भीती असते ना, ती या सिनेमाला बरोबर कळते.

मालगुडी डेज

ताप असताना मोठा सिनेमा झेपत नाही. अशा वेळी आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरची ही मालिका बरी. ती १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लागायची. दिग्दर्शक शंकर नाग, चित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. स्वामी आणि त्याच्या मित्रांच्या गोष्टी आधी बघा. रोज एकच भाग हं! डोळे दुखायला लागले तर तोही उद्यावर.

पालकांसाठी दोन शब्द

कोणता सिनेमा कोणत्या ॲपवर आहे, हे बदलत असतं. म्हणून नाव आणि साल टाकून शोधा. सुरुवातीची वयाची खूण बघा : ‘यू’ सर्वांसाठी, मग ७+, १३+, १६+ आणि ‘ए’ फक्त प्रौढांसाठी. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं, तेवढं करून द्या. परक्या भाषेतला सिनेमा असेल तर खालच्या ओळी लहानग्यांना वाचून दाखवा. मूल घरी एकटं पडलेलं असतं. फोन त्याला गप्प बसवेल, पण त्याचा एकटेपणा घालवेलच असं नाही. कामं असतात, मान्य. तरी शेवटची वीस मिनिटं शेजारी येऊन बसा आणि विचारा, “आत्तापर्यंत काय झालं?” मग बघा, ते किती बोलतं!

आणि मुलांनो, सिनेमा संपला की वहीत तीनच ओळी लिहा. कोण आवडलं, कुणाचा राग आला, आणि तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं. बरे होऊन शाळेत गेलात, की मित्रांना सांगायला तुमच्याकडे गोष्टच गोष्ट असेल!