श्वास नेमका कुठे अडतो?
श्वासनलिका छातीत दुभंगते आणि तिच्या शाखा सुमारे २३ वेळा विभागत वायुकोशांपर्यंत, म्हणजे ज्यांच्या अतिपातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात शिरतो त्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. फुप्फुसांच्या कर्करोगाव्यतिरिक्तच्या अनेक जुनाट विकारांपैकी अवरोधी विकारांत, जसे दम्यात किंवा विडी-सिगारेटच्या आणि चुलीच्या धुराने जडणाऱ्या सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकारात, नळ्या अरुंद होऊन हवा बाहेर पडण्यास वेळ लागतो, तर संकोची विकारांत फुप्फुस पुरते फुगतच नाही. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत, जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदातील वाटा ७० टक्क्यांहून कमी भरल्यास अवरोधाची शंका बळावते. संकोचात हा वाटा टिकतो, परंतु एकूण हवाच घटते. या विकारांपैकी दगडखाणीतील सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस अधिक क्लेशदायक म्हणावा लागतो, कारण तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा असूनही एकदा पडलेले व्रण भरून येत नाहीत आणि धुळीपासून दूर गेल्यावरही ते वाढू शकतात.