सिॲटलमधील बेघर : व्यसन कीं भाडें?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल हें त्या देशाच्या अत्यंत संपन्न नगरांपैकीं एक होय. विमानें, संगणकविद्या आणि व्यापार यांच्या बळावर तें वाढलें. नोकरीच्या निमित्तानें अनेक मराठी कुटुंबेंहि त्या परिसरांत स्थायिक झालीं आहेत. परंतु याच नगरांत पुलांखालीं आणि पदपथांवर तंबूंच्या रांगा दिसूं लागल्या. नोव्हेंबर २०१५ मध्यें सिॲटल शहरानें आणि तें ज्या जिल्ह्यांत मोडतें त्या किंग काउंटीनें बेघरांच्या प्रश्नावरून आणीबाणी जाहीर केली. तरीहि जानेवारी २०२४ च्या गणनेंत त्या जिल्ह्यांत १६ हजारांहून अधिक माणसें घराविना आढळलीं.

वाटसरूच्या नजरेस प्रथम पडतो तो नशेंत वाकून उभा असलेला तरुण; आणि वाटसरू मनाशीं निर्णय देतो कीं, व्यसनानेंच हीं घरें बुडविलीं. हा निर्णय सोपा आहे. तो खरा आहे काय, हें मात्र तपासून पाहिलें पाहिजे. कारण उपाय कोणता करावयाचा हें त्यावरच ठरतें.

सिॲटलला दारिद्र्य नवें नाहीं. १८५० नंतरच्या दशकांत डोंगरावरील ओंडके घसरत गिरणीपर्यंत नेण्याच्या वाटेस ‘स्किड रोड’ म्हणत. त्या वाटेभोंवतीं मजुरांच्या खोल्या व दारूचे गुत्ते उभे राहिले आणि पुढें तें नांव निष्कांचनांच्या वस्तीचें सामान्यनाम होऊन बसलें. महामंदींत, १९३१ पासून १९४१ पर्यंत, बंद पडलेल्या जहाजकारखान्याच्या जागेवर बेकारांच्या झोपड्यांचें एक गांवच वसलें होतें. अध्यक्ष हूव्हर यांच्या नांवावरून लोक त्यास उपरोधानें ‘हूव्हरव्हिल’ म्हणत. त्या वेळीं कारण उघड होतें : काम नव्हतें. गेल्या कांहीं दशकांतील चमत्कार हा कीं, काम वाढलें आणि त्याबरोबरच बेघरहि वाढले.

याचा उलगडा एका तुलनेनें होतो. वेस्ट व्हर्जिनिया हें खाणींचें, गरीब राज्य. २०२१ मध्यें मादक द्रव्यांच्या अतिसेवनानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण सबंध देशांत तेथें सर्वाधिक होतें. सिॲटल ज्या वॉशिंग्टन राज्यांत आहे त्याच्या तें तिपटीहून अधिक भरलें. व्यसन हेंच बेघर होण्याचें मूळ असतें, तर तेथील रस्ते तंबूंनीं भरून गेले असते. परंतु २०२२ च्या गणनेंत वेस्ट व्हर्जिनियांत दर १० हजार वस्तीमागें सुमारें ८ माणसें बेघर होतीं, तर वॉशिंग्टनमध्यें सुमारें ३२. व्यसन जेथें अधिक, तेथें बेघर कमी. भाडें जेथें अधिक, तेथें बेघर अधिक. स्वस्त मुलखांत व्यसनी मनुष्यासहि डोक्यावर छप्पर राखतां येतें.

सिॲटलमध्यें भाडें चढलें कसें? २०१० मध्यें शहराची वस्ती ६ लाख ८ हजार होती. २०२० मध्यें ती ७ लाख ३७ हजार झाली. आलेल्यांपैकीं पुष्कळांचे पगार मोठे होते. पण घरें त्या मानानें वाढलीं नाहींत. निवासी जमिनीपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश भागावर दीर्घकाळपर्यंत एकाच कुटुंबाचें स्वतंत्र घर बांधण्याची अनुज्ञा होती. शिवाय, जेथें गरीब मनुष्य एक खोली घेऊन राही तीं स्वस्त निवासगृहें पूर्वींच नाहींशीं झालीं होतीं. १९७० मध्यें ओझार्क हॉटेलास आग लागून २० माणसें मेलीं. त्यानंतर अग्निसुरक्षेचे कडक नियम झाले आणि ते न परवडल्यामुळें अशीं अनेक निवासगृहें बंद पडलीं. नियम सद्धेतूनेंच केले होते. परंतु गेलेल्या खोल्यांच्या जागीं पुरेशा नव्या खोल्या कोणीं बांधल्या नाहींत.

मग व्यसनाचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, पण तो निराळा आहे. विहीर आटूं लागली म्हणजे ज्याचा दोर आखूड, त्याची घागर प्रथम रिकामी वर येते. तथापि विहीर आटण्याचें कारण आखूड दोर नव्हे. व्यसन, आजार, घटस्फोट, वार्धक्य हे सारे आखूड दोर होत. घर प्रथम कोणाचें जाईल हें ते ठरवितात. एकंदर किती जणांचें जाईल, हें भाडें ठरवितें. आणि रस्त्यावर आल्यावर व्यसन जडतें किंवा बळावतें, हेंहि तितकेंच खरें. रात्रीं चोरी वा मारहाण होऊं नये म्हणून जागें राहण्यासाठीं कित्येक जण उत्तेजक द्रव्यें घेतात. फेंटानिल हें अफूसारखेंच, पण कितीतरी तीव्र असें कृत्रिम द्रव्य पसरल्यापासून या व्यसनाचें रूप भयंकर झालें आहे. २०२३ या एका वर्षांत किंग काउंटींत अतिसेवनानें १,३०० हून अधिक माणसें दगावलीं.

या बाबतींत सिॲटलनेंच एक बोधप्रद प्रयोग केला. २००५ मध्यें ईस्टलेक मार्गावर ७५ जुनाट मद्यपी बेघरांसाठीं एक निवास उघडण्यांत आला. दारू सोडण्याची अट नव्हती. स्वतःच्या खोलींत पिण्याचीहि मोकळीक होती. व्यसनास हें उत्तेजन आहे, अशी टीका झाली. परंतु २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, प्रतीक्षायादींतील लोकांच्या तुलनेनें या रहिवाशांवरील रुग्णालय, तुरुंग इत्यादींचा सार्वजनिक खर्च सहा महिन्यांनंतर निम्म्याहून अधिक घटला. आणि त्यांचें पिणेंहि कमी होत गेलें. ज्यास उद्यां कोठें निजावयाचें याची चिंता नाहीं, त्यासच औषधोपचाराची वेळ पाळतां येते.

मात्र ७५ खोल्यांनीं १६ हजारांचा प्रश्न सुटत नाहीं, आणि फेंटानिलच्या विळख्यांतून सुटण्यास नुसतें घरहि पुरें पडत नाहीं. त्यास उपचाराची जोड हवी. २०२३ मध्यें वॉशिंग्टनच्या विधिमंडळानें सिॲटलसारख्या मोठ्या शहरांत एका भूखंडावर निदान चार बिऱ्हाडें बांधण्याची मुभा देणारा कायदा केला. त्याचें फळ दिसण्यास वर्षें लागतील. तोंपर्यंत तंबू हटविल्यानें रस्ता स्वच्छ दिसेल; पण तंबूंतील मनुष्य दुसऱ्या रस्त्यावर जाईल, इतकेंच. व्यसनी मनुष्यास दोष देणें समाजास सुखाचें वाटतें, कारण त्यांत समाजास कांहीं बांधावें लागत नाहीं.