सायकलीची किंमत आणि सायकलीचा खर्च

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात ही सवलत फार मोठी ठरणार नाही. तथापि तिच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा नव्याने विचार व्हावयास हरकत नाही. रोज कचेरीला, शाळेला वा महाविद्यालयाला जाण्यासाठी सायकल घ्यावयाची, तर ती कोणती घ्यावी?

दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो डौल. जाड टायर, स्प्रिंगांचे शॉकॲब्सॉर्बर, अनेक गिअर आणि भडक रंग यांची मोहिनी तरुणांवर पडावी यात नवल नाही. परंतु वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. किंमत एकदाच द्यावी लागते. खर्च मात्र दुरुस्ती, घसारा आणि वाया गेलेला वेळ या रूपांनी वर्षानुवर्षे चालू राहतो. स्वस्त सायकलीला लावलेले हलक्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर पायांच्या जोराचा काही भाग स्वतःच खातात, आणि नाजूक गिअर बिघडला की कोपऱ्यावरचा मेस्त्री हात वर करतो.

कोल्हापूरचेच उदाहरण घ्यावे. महाद्वार रोडपासून सागरमाळावरील शिवाजी विद्यापीठापर्यंतचे अंतर सुमारे पाच किलोमीटर. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, उद्यमनगर हा बहुतेक दैनंदिन व्यवहार त्याच्या आतच आटोपतो. हे अंतर सायकलीच्या आवाक्यातले आहे. अडचणी दोनच : विद्यापीठाकडचा चढ आणि चार महिन्यांचा पाऊस. म्हणून येथील नोकरदाराने प्रथम पाहावयाचे ते पूर्ण मडगार्ड आणि चेन झाकणारे चेनकव्हर. ही दोन नसतील तर पावसाळ्यात कपडे चिखलाने भरतात आणि चेन गंजते. त्यानंतर डबा, वह्या, भाजीची पिशवी पेलणारे कॅरिअर आणि भक्कम स्टँड.

हे सारे जिच्यात मूळचेच असते ती साधी काळी सायकल. इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ साली काढलेल्या ‘रोव्हर’ सायकलीचीच ती वंशज. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना येथे निघालेल्या कारखान्यांनी तिचे लक्षावधी नग देशभर पोहोचविले. तिचे बहुतेक सुटे भाग एकसारखे असल्याने खेडेगावातल्या दुकानातही ते मिळतात व बसविता येतात. टिकाऊपणाचे अर्धे रहस्य लोखंडात असले, तरी उरलेले अर्धे या सुलभ दुरुस्तीत आहे.

तिचे दोषही लपवू नयेत. ती जड असते. लोखंडी रिम भिजली की ब्रेकची पकड कमी होते. म्हणून ब्रेकचे रबर वेळीच बदलणे आणि पावसात वेग आवरणे अगत्याचे. चढाला मात्र उपाय आहे. मागच्या फ्रीव्हीलचे दाते १८ असतील तर २० दात्यांचे बसवून घ्यावे. पायांवरचा जोर सुमारे दशांशाने कमी होतो. फ्रेमची उंचीही अंगाला जुळली पाहिजे. सीटवर बसून पायडल तळाशी नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. साडी नेसणाऱ्या शिक्षिकेने अर्थातच दांडी नसलेली सायकल निवडावी.

आता हिशेब. रोज दहा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस आणि लिटरला पन्नास किलोमीटर धरले, तर मोटारसायकलीला वर्षाला साठ लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये दर धरला तरी सहा हजार रुपये होतात. त्या रकमेच्या आसपास एक साधी सायकल येते, आणि ती अनेक वर्षे चालते. विमा, सर्व्हिसिंग व कर्जाचे हप्ते यांची गणना येथे केलेलीच नाही.

प्रश्न केवळ बचतीचाही नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. पुढे झालेल्या अभ्यासात, माध्यमिक शाळांतील मुलींची पटनोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. दोन हजारांत येणारी सायकल डौलाची नव्हे, पण तिने शाळेचे अंतर तोडले.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. तरीही सायकलवरून कचेरीत येणाऱ्या कारकुनाला आपण काही कमी आहोत असे वाटत असेल, तर तो दोष सायकलीचा नव्हे, समाजाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेचा आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी सायकल घेणाऱ्याने दुकानदाराला किंमत विचारण्याआधी आपल्या गल्लीतल्या मेस्त्रीला एकच प्रश्न विचारावा : ही बिघडली तर तुला दुरुस्त करता येईल काय?