न झालेलं शॉर्ट सर्किट

घरात शॉर्ट सर्किट झालं की फ्यूज उडतो. पण सर्किट बोर्ड अजून संगणकाच्या पडद्यावरच आहे, विजेचा पत्ता नाही, तरी सॉफ्टवेअर 'शॉर्ट' म्हणून बजावतं. हे कसं?

मंडळी, इथे संगणक वीज मोजत नाही, नावं ताडून पाहतो. बोर्डावरच्या प्रत्येक जोडणीला, म्हणजे नेटला, एक नाव असतं. दोन वेगळ्या नावांचं तांबं एकमेकांना टेकलं की शॉर्ट.

१९९२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेलं 'कीकॅड' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात ग्राउंडसाठी मोकळ्या जागेत तांबं भरतात. नंतर एखादा ट्रॅक सरकवला, तरी भराव जुनाच राहतो आणि ट्रॅकला टेकतो. 'बी' कळ दाबली की भराव नव्याने होतो. नुसता आभास असेल तर शॉर्ट नाहीसं होतं.

कधी अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड मुद्दामच एका जागी जोडतात. तिथे 'नेट टाय' हा खास जोड द्यावा लागतो.

म्हणून सूचना दडपू नका. कोणती दोन नावं भेटली, ते आधी वाचा. शिळ्या भरावासकट फाइल कारखान्यात गेली, तर पडद्यावरचा आभास खऱ्या तांब्यात उतरतो.