श्वासावाटे औषध : क्षयरोग आणि बहुवारिक कण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर भागातील क्षयरोग्यास मिरजेजवळील वानलेसवाडीच्या आरोग्यधामाचा आधार असे. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हेच तेव्हाचे मुख्य उपचार. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला, पुढे आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन आली आणि रोग बरा होऊ लागला. परंतु गोळ्या सामान्यतः सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगी बळ येते. ऊसतोडीस निघालेल्या मजुरास मग त्यांचे ओझे वाटू लागते. अशा अर्धवट सोडलेल्या उपचारांतून औषधास न जुमानणारे जंतू निपजतात.

गोळी रक्तावाटे सर्व शरीरभर जाते. फुप्फुसाच्या वाट्यास तिचा अल्प अंशच येतो आणि यकृतास भार सोसावा लागतो. शिवाय क्षयजंतू दडतो तो वायुकोशांतील भक्षक पेशींच्या पोटात. जंतू गिळून नष्ट करणे हे जिचे काम, तिलाच त्याने घर केलेले असते. ही पेशी श्वासावाटे आलेले बारीक कणही गिळते. तो कण औषधाने भरलेला असला तर?

असा कण बहुवारिकाचा, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाचा करतात. लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांचे संयुक्त बहुवारिक याकामी सोयीचे ठरले आहे. लॅक्टिक आम्ल हे दह्यातलेच. साखरेच्या किण्वनाने ते मिळते, आणि साखरेस कोल्हापुरात तोटा नाही. शरीरातील पाण्याने साखळ्या हळूहळू तुटतात व औषध झिरपत राहते. दोन आम्लांचे प्रमाण बदलून हा वेग कमीअधिक करता येतो.

कण करण्यासाठी बहुवारिक व औषध डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून ते द्रावण पॉलिव्हायनिल अल्कोहोल घातलेल्या पाण्यात जोराने घुसळावयाचे. विद्रावक उडून गेला की कण उरतात. रिफॅम्पिसिनास ही रीत मानवते. आयसोनियाझिड मात्र पाण्यात सहज विरघळत असल्याने घुसळतानाच निसटते. म्हणून त्याचे पाण्यातील द्रावण आधी बहुवारिकाच्या द्रावणात घुसळून मग ते मिश्रण पुन्हा पाण्यात घुसळावे लागते. श्वासावाटे द्यावयाचे तुषार १ ते ५ मायक्रॉनांचे हवेत. मोठे तुषार घशातच अडकतात.

चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने गिनीपिगांवर केलेले प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. तीन औषधांचे कण एकवार श्वासावाटे दिल्यावर फुप्फुसात औषध ११ दिवसांपर्यंत आढळले. दर दहाव्या दिवशी एक अशा ५ मात्रांनंतर फुप्फुसात जंतू सापडले नाहीत. तोंडावाटे रोज औषध देऊन तोच परिणाम साधण्यास ४६ मात्रा लागल्या.

हे आकडे प्राण्यांचे आहेत. मनुष्याच्या नित्य उपचारात हे कण अद्याप आलेले नाहीत. जुनाट रोगाने फुप्फुसात पोकळ्या पडतात, त्यांच्या जाड भिंतींच्या आत तुषार पोचेलच असे नाही. दुसरी शंका आम्हांस अधिक गंभीर वाटते. कण विरत आल्यावर औषधाचे प्रमाण जंतुनाशक पातळीखाली उतरून काही दिवस रेंगाळले, तर ज्या चिवट जंतूंच्या भयाने हा खटाटोप आरंभिला, त्यांनाच ते उपकारक ठरेल. म्हणून कणांच्या परीक्षणात औषध किती दिवस सुटते एवढेच न पाहता, ते अखेरीस किती चटकन थांबते हेही मोजले पाहिजे.