गोटहार्डचा बोगदा

आल्प्स पर्वताने उत्तर युरोप आणि इटली यांच्यामध्ये जी भिंत उभी केली आहे, तिच्यातील गोटहार्डची खिंड वाटसरूंना शतकानुशतके परिचित होती. खेचरांवरून आणि पुढे घोड्यांच्या टपालगाडीतून माणसे ती ओलांडीत. हिवाळ्यात मात्र वाट बर्फाखाली दुर्गम होई. या डोंगराच्या पोटातून आगगाडी नेण्याचा विचार स्वित्झर्लंड, इटली व जर्मनी यांनी उचलून धरला आणि १८७२ साली उत्तरेस गोशेनेन व दक्षिणेस आयरोलो अशा दोन्ही टोकांकडून खोदकामास आरंभ झाला.

मक्ता मिळाला तो जिनीव्हाचे लुई फाव्र यांना. हे गृहस्थ मूळचे सुतार. आठ वर्षांत १५ किलोमीटर लांबीचा बोगदा पुरा करण्याचे त्यांनी पत्करले, आणि उशीर झाल्यास प्रत्येक दिवसामागे हजारो फ्रँक दंड देण्याचेही! त्यांचा भरवसा दोन नव्या साधनांवर होता. एक डायनामाइट, दुसरे दाबलेल्या हवेवर चालणारे छिद्रयंत्र. डोंगरातील प्रवाहांच्या बळावर हवा दाबावयाची आणि नळांतून आत सोडावयाची. तीच हवा खडकात छिद्रे पाडी आणि तीच कामगारांना श्वासासाठी मिळे. योजना सुबक खरी, परंतु आत पोहोचणारी हवा पुरेशी नव्हती.

आत तपमान ३० अंशांच्या वर जाई. अंगावर पाणी गळे, सुरुंगांचा धूर कोंडून राही. कामगार बहुतेक इटालियन होते. १८७५ च्या जुलैमध्ये त्यांनी गोशेनेन येथे संप केला, तेव्हा झालेल्या गोळीबारात चौघे मृत्युमुखी पडले.

याहून चमत्कारिक संकट नंतर उघडकीस आले. धडधाकट माणसे पांढरीफटक पडू लागली. चार पावले चालताच त्यांना धाप लागे. प्रथम दोष कोंदट हवेवर गेला. १८८० मध्ये तुरीन येथील वैद्यांना या रोग्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी आढळले. हा कृमी उष्ण प्रदेशांतला. हिमाच्छादित आल्प्समध्ये तो असेल असे कोणास वाटावे? पण बोगद्यात शौचाची सोय नव्हती, आणि उबदार, ओल्या चिखलात त्याची अंडी सुखाने उबत. पर्वताच्या पोटात माणसानेच एक उष्ण कटिबंध निर्माण केला होता. अपघातांत सुमारे २०० कामगार दगावल्याची नोंद आहे; रोग घेऊन घरी परतलेले आणि तेथेच मेलेले या हिशेबात धरलेले नाहीत.

स्वतः फाव्र १९ जुलै १८७९ रोजी बोगद्याच्या पाहणीस आत गेले असताना हृदयविकाराने मरण पावले. पुढल्या वर्षी, फेब्रुवारीच्या अखेरीस, मधला पडदा फुटला. दोन बाजूंच्या खोदकामांत आडवे अंतर अवघे ३३ सेंटीमीटर आणि उभे ५ सेंटीमीटर निघाले. त्या पहिल्या छिद्रातून फाव्र यांचे छायाचित्र डब्यात घालून पलीकडे देण्यात आले. आपल्या बोगद्यातून ते अशा रीतीने सर्वांआधी पार झाले.

१८८२ साली सारा मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याच सुमारास विन्सेन्झो व्हेला या शिल्पकाराने मृत सोबत्यास डोलीवरून वाहून नेणाऱ्या खाणकामगारांचे उत्थित शिल्प घडविले. त्याची काशाची प्रतिकृती १९३२ साली आयरोलो येथे बसविण्यात आली. २०१६ मध्ये खूप खालून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाल्यापासून वेगवान गाड्या तिकडून धावतात. जुन्या बोगद्यातून आता मुख्यतः डोंगरातील गावांच्या गाड्या जातात, आणि त्या आजही आयरोलोला थांबतात.