शंभर वर्षांचा पाऊस आणि गावची विहीर

पावसाळा सुरू झाला, की आमच्या दवाखान्यात जुलाब, कावीळ आणि तापाचे रुग्ण वाढतात. पण माझा अनुभव असा, की चार दिवसांच्या संततधारेपेक्षा एकाच दिवसात कोसळलेला पाऊस रुग्णांची रांग अधिक लांबवतो. साथीच्या वेळी मी एका वाडीत गेलो होतो. विहिरीचा कठडा जुन्या पुराच्या खुणेपेक्षा वीतभर उंच बांधलेला होता, तरी पाणी त्यावरून हातभर गेले. आठवड्याभरात घरटी एक माणूस गॅस्ट्रोने आडवा झाला.

तेव्हा आपल्या गावात पुढे जास्तीत जास्त किती पाऊस पडेल, हा प्रश्न इंजिनिअरचा तसाच आरोग्याचाही आहे.

हा अंदाज कसा बांधतात? पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींतून दरवर्षीचा सर्वांत जास्त पावसाचा दिवस निवडतात. असे अनेक वर्षांचे आकडे मांडले, की केवढा पाऊस किती वर्षांतून एकदा येईल, याचे गणित करता येते. मात्र ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पडला की शंभर वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते. ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६ भरते.

आता हवा तापते आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. साहजिकच मोठा पाऊस आणखी मोठा होतो. लहानपणी वजन पाहून ठरवलेला औषधाचा डोस मोठेपणी पुरत नाही, तसेच जुन्या आकड्यांचे आहे.

पुढचा अंदाज संगणकावर करतात. परंतु जगाच्या नकाशावरचा त्यातला एक चौकोन अनेकदा १०० किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे तेवढ्यात कोकण, घाट आणि देश एकत्र येतात! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. म्हणून संगणकाच्या आकड्याला स्थानिक नोंदींची जोड द्यावी लागते. तरीही उत्तर एका आकड्यात येत नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असेच येते. त्यातला वरचा आकडा धरावा, असे माझे मत आहे.

त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हेही ध्यानात ठेवा आणि एवढे करा:

१) विहिरीचा कठडा, हातपंपाचा ओटा व आरोग्य केंद्रातील औषधांची खोली जुन्या पुराच्या खुणेपेक्षा पुरेशी उंच हवी. ग्रामसभेत हा विषय काढा.

२) टीसीएल पावडरचा साठा पावसाआधीच करा. पुरानंतर पाणी उकळून प्या.

३) पायाला जखम असल्यास पुराच्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा.

४) जुलाब होताच जलसंजीवनी सुरू करा.

अंदाज थोडा जास्त धरला, तर सिमेंटची चार पोती जास्त लागतील. कमी धरला, तर सलाइनच्या बाटल्या पुरणार नाहीत.